भाडेपावती

सेशन्स कोर्ट, काळा घोडा, तिसरा मजला.
कारकुनाने माझी पेन्शनची स्लिप उलटसुलट पाहिली,
रेशनकार्डावरचा फोटो पाहिला, मग मला.
लीलाबाई खोपकर तुम्हीच?
म्हटलं, उरलेय ती मीच.

आरोपी तुमचा कोण?
कोणी नाही. खालच्या मजल्यावरच्या तांडेलांचा नितेश.
लहानपणी माझ्या दारातल्या पिंपात
लाइटबिलाच्या होड्या सोडायचा.
हे त्याने लिहून घेतलं नाही.

कलम खुनाचं आहे, माहीत आहे ना?
माहीत आहे.
मेला तो कृष्णा बावदानेही आमच्याच जिन्याचा.
त्याच्या तेराव्याचा भात मी रांधला होता.
हेही नाही लिहिलं.

चार वर्षं दोन महिने.
अठ्ठेचाळीस साक्षीदार, तपासला एकही नाही.
कधी आरोपीला आणायला गाडी नाही,
कधी बोर्डावर आमचा नंबर एक्क्याण्णव
आणि कोर्ट त्रेसष्टवर उठायचं.
परवा पुकारा झाला.
सरकारी वकील म्हणाले, गुन्हा गंभीर आहे,
सुटला तर साक्षीदार फोडेल, पळून जाईल.
जज्जसाहेब चष्मा पुसत होते.
म्हणाले, गंभीर आहे म्हणूनच विचारतो,
इतक्या गंभीर गोष्टीला चार वर्षांत
एक साक्षीदार का मिळू नये?
पंखा तेवढा कुरकुरला.

मागच्या बाकावर कृष्णाची शालन,
पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.
तिला कोणीच काही विचारलं नाही.

मंजूर.
पन्नास हजारांचा जातमुचलका, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार,
सोमवारी उरणच्या ठाण्यात हजेरी,
शिवडीच्या हद्दीत पाऊल ठेवायचं नाही.
म्हणजे सुटायचं, पण घरी यायचं नाही.
त्याची आई वकिलाला दोनदा विचारत राहिली,
दिवाळीलाही नाही?

एकोणतीस वर्षं मी केईएमच्या धुलाईखान्यात होते.
रक्ताचा डाग गार पाण्यात सुटतो,
गरम घातलंत की कायमचा बसतो.
आणि चादर कधी सांगत नाही
रक्त कोणाचं, काढलं कोणी.
नितेशने केलं का?
मला ठाऊक नाही.
त्या रात्री आरडाओरडा झाला, मी कडी लावून घेतली,
माझ्या वयाच्या बाईने दुसरं काय करायचं,
असं मी चार वर्षं स्वतःला सांगते आहे.

मला इथे विचारलं एवढंच,
खोली तुमच्या नावावर आहे?
आहे.
भाडेपावती?
ही घ्या.
मग बोट ठेवलं तिथे सही केली.
तारखेला तो आला नाही तर पैसे मी भरीन.
तो निर्दोष आहे असं कुठेही लिहिलेलं नाही,
मी दोनदा वाचून घेतलं.

प्रत हातात पडायला साडेचार झाले.
टॅक्सी नागपाड्याला अडकली.
आर्थर रोडच्या दारावर जामिनाची पेटी आहे,
साडेपाचला उघडतात,
नंतर पडलेला कागद उद्याचा.
आम्ही पोचलो पाच पस्तीसला.
शिपाई गठ्ठा घेऊन आत जाताना पाठमोरा दिसला.
नितेशच्या आईने तरी कागद टाकलाच.
रिकाम्या पेटीत तो तळाला लागल्याचा
आवाज आला, पत्र्याचा, हलका.
चार वर्षं दोन महिने आणि एक रात्र.

दिवेलागणीला केर काढू नये म्हणतात.
जिन्यात शालन केर काढत होती.
झाडू न थांबवता म्हणाली, पाय उचला.
मी उचलला.
कठड्याला धरून एका पायावर उभी राहिले.
तिने ती पायरी
सावकाश झाडली, कोपऱ्यांसकट,
मग पुन्हा एकदा झाडली.